सुप्यात काय जाळलं ते आधी बघ, मग उठाव की दंगा ते ठरव

तुझे तीन प्रश्न आहेत. पहिला, तुझ्या नोट्समध्ये १८७५ चे दख्खनचे दंगे ‘सावकारविरोधी, ब्रिटिशविरोधी नव्हेत’ असं एका ओळीत उरकलंय ते बरोबर आहे का. दुसरा, नगरकडच्या अकोले तालुक्यातले कोळ्यांचे उठाव आणि डहाणूकडचा वारल्यांचा उठाव यांचा ह्याच्याशी काही संबंध लागतो का, की ते ‘आदिवासी उठाव’ म्हणून वेगळ्या धड्यातच ठेवायचे. आणि तिसरा, जो तू अगदी शेवटी लाजत लाजत लिहिलायस, की तुमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पणजीच्या पेटीत एक मोडी कागद आहे, खाली नांगरासारखं चित्र आहे आणि घरात सगळे त्याला ‘दंग्यातला कागद’ म्हणतात, तर त्याला काही अर्थ आहे का. मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी गेली अठ्ठावीस वर्षं मोडी वाचतोय, त्यातली निम्मी तरी कर्जखतं आणि गहाणखतं वाचण्यात गेली, त्यामुळे मला तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करावीशी वाटतेय. पण तो शेवटी घेतो, कारण मधलं सगळं कळल्याशिवाय त्या कागदाचं काय करायचं ते तुला कळणार नाही.

सुपे. तेव्हा भीमथडी तालुक्यात, आता बारामतीत. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावातले कुणबी बाजाराला जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले, वह्या मागितल्या, खतं म्हणजे कर्जाचे लिहून दिलेले कागद मागितले. तीन दिवसांनी, १५ तारखेला शनिवारी पुण्याचा जिल्हा मॅजिस्ट्रेट तिथे पोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याने वर कळवलं की एका सावकाराचं घर जाळलंय, डझनभर घरं फोडून रिकामी केलीत, हिशेबाचे कागद, खतं, धान्य, देशी कापड रस्त्यात आणून जाळलंय आणि राखेचे ढीग अजून तसेच पडलेत. पन्नास लोक पकडले. चोरीचा दोनेक हजारांचा माल परत मिळाला. नुकसान त्याच्या अंदाजाने पंचवीस हजारांच्या वर, आणि सावकार म्हणत होते एक लाखाच्या वर! (भरपाईच्या अर्जात आकडा फुगवायची पद्धत काही आजची नाही.) पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून तीसच्या वर गावांत पोचलं.

आता परीक्षेच्या नोट्स इथे थांबतात. मी तुला सांगीन की इथे थांबू नको, त्या राखेच्या ढिगाकडे नीट बघ. चिडलेला जमाव सोनंनाणं लुटतो, माणसं मारतो, त्यात नवल नाही. इथे जमाव आधी कागद मागतोय. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं आणि वह्या काढून दिल्या तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, जिथे त्याने आढेवेढे घेतले तिथे मारहाण, जाळपोळ झाली. धान्य लुटलं हे खरं आहे, मी काही सगळ्यांना संत ठरवत नाहीये, पण मुख्य सामान कागद होता. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढे जे काही लिहितोय ते सगळं ह्यावरच आहे, की लोकांनी काय जाळलं, काय तोडलं, काय नाकारलं ते बघितलं की त्यांना नेमकं काय टोचत होतं ते कळतं. त्यांच्या हातचं लिहिलेलं आपल्याकडे जवळजवळ काही नाही ना, मग हाच त्यांचा अर्ज समजायचा.

कागदच का? त्यासाठी खत कसं असायचं ते बघ. स्टॅम्पाचा कागद, वर मिती म्हणजे तारीख, मग धनकोचं (कर्ज देणाऱ्याचं) नाव, ऋणकोचं (घेणाऱ्याचं) नाव, अमुक रुपये तुजपासून कर्ज घेतले, व्याज दरमहा दरशेकडा इतकं, गहाण म्हणून अमुक जमीन किंवा बैल, आणि मग ते ठरलेलं वाक्य की हे खत आपल्या राजीखुशीने लिहून दिलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव, साक्षीदार, आणि ऋणकोला लिहिता येत नसेल तर निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर. पहिल्या वर्षी मी ते चित्र बघून खुशाल समजलो होतो की कुणा पोराने कागदावर रेघोट्या मारल्यात, आणि नक्कल करताना गाळूनच टाकलं! सरांनी असं झापलं की अजून आठवतंय. ती रेघोटी म्हणजे माणसाची सही होती. ज्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं त्याने खाली नांगर काढून सगळं मान्य केलेलं असायचं. आणि सावकाराची वही तर बऱ्याचदा मोडीतही नसायची, मारवाडी असेल तर महाजनी लिपीत, गुजर असेल तर गुजरातीत, म्हणजे गावातल्या कुलकर्ण्याला नेऊन दाखवली तरी त्यालाही घाम फुटावा.

मिरजगावच्या (कर्जत तालुका, तेव्हाचा नगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) एका रयतेचा अर्ज, दंग्यांच्या चौकशीला सरकारने जे कमिशन नेमलं त्याच्या कागदपत्रांत आहे, तो मिळवून वाच. तो म्हणतो की घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडून पैसा, कपडा, धान्य घ्यावं लागतं, तेही खतात कडक अटी घातल्याशिवाय देत नाहीत, रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा आम्हाला २५ ते ५० टक्के जास्त भाव लावतात, शेतातला माल उचलून नेताना सांगतात की तुझ्या खात्यावर जमा करतो, पण वहीत जमा करत नाहीत आणि पावती मागितली तर ती पण देत नाहीत. त्यात उपाशी असल्याची तक्रार कमी आणि हिशेबाची तक्रार जास्त आहे, ह्याकडे लक्ष दे. दुसरा एक कागद आहे, माझ्या मते सगळ्यात भारी. कुणबी लिहून देतो की तुझ्या देण्यापोटी माझ्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल तुला विकले, आणि त्याच कागदात पुढे लिहितो की त्याच गाड्या आणि तेच बैल मी तुझ्याकडून भाड्याने घेतले, दर महिन्याला भाडं देत जाईन. बैल गोठ्यातून हललेच नाहीत रे! फक्त कागदावर मालक बदलला आणि स्वतःच्याच बैलांचं भाडं सुरू झालं.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही, तो पेशवाईतही होता, पाटलाला आणि गावाला पैसे देत होता. पण तेव्हा वसुलीला गावाची, पंचायतीची भीड आड यायची, आणि दामदुपटीचा रिवाज होता, म्हणजे एका वेळी मुद्दलाच्या वर व्याज घ्यायचं नाही. कंपनी सरकार आल्यावर रयतवारी आली, सारा थेट एकेका शेतकऱ्यावर बसला. १८२० च्या दशकात प्रिंगलसाहेबाने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला, ते गणित कोसळलं, १८३२ ते ३४ च्या दुष्काळात माणसं आणि जनावरं पटापट मेली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांची मोजणी झाली, तीस वर्षांचा सारा ठरला, जरा बरं गेलं. पण सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यालाच भरायचा, पाऊस आला काय नाही काय, म्हणजे हप्त्याच्या आदल्या आठवड्यात सावकाराच्या ओट्यावर जाणं आलंच. आणि आता त्या सावकाराच्या पाठीशी दिवाणी कोर्ट उभं राहिलं. खत दाखवलं की हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम. कुणबी समन्सला घाबरून किंवा न कळून कोर्टात जायचाच नाही, त्यामुळे बहुतेक दाव्यांचा निकाल एकतर्फी.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. हा कायदा खरं तर रयतेच्या भल्यासाठी होता असं सांगतात, की खताची मुदत तीनच वर्षं, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साचणार नाही. झालं उलटं. सावकार तीन वर्षं संपत आली की नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरायचा. गणित करून बघ. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन धर. तीन वर्षांत व्याज ७२, नवं खत १७२ चं. पुढच्या तीन वर्षांनी ते होतं २९६ च्या आसपास, नऊ वर्षांनी ५०९. दामदुपटीने शंभराला जास्तीत जास्त दोनशे झाले असते, पण प्रत्येक नव्या खतात मुद्दल नवं झाल्यामुळे दामदुपट कधी लागूच होत नाही! कमिशनसमोर असं एक प्रकरण आलं होतं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलेलं.

कापसाचं तुला माहीत असेलच, थोडक्यात सांगतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार घरी येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, सावकाराने हात आखडला, आणि नेमकी त्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपली म्हणून १८६७ पासून एकेका तालुक्यात नवा सारा लागायला लागला, ५० ते १०० टक्के वाढवून. म्हणजे पैसा आटला तेव्हाच मागणी वाढली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३-७४ ला ह्या साऱ्यावर बरंच रान उठवलं होतं हेही लक्षात ठेव, गावात सारा वाढल्याची चर्चा होती.

आता तुझ्याच तालुक्यातलं करडे. सुप्याच्या पाच महिने आधी, डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखावर दीडशे रुपयांच्या देण्यापोटी हुकूमनामा आणला आणि त्याचं घर पाडायला लागला. गाव भडकलं, पण हात उचलला नाही, बहिष्कार टाकला. सावकाराच्या दुकानातून कुणी काही घेईना, त्याचं शेत कुणी करेना, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार कुणी काम करेना, घरात गडी टिकेना. सावकार वैतागून तालुक्याच्या गावी निघाले तर सामान न्यायला गाडी हाकायला माणूस मिळेना! आणि जे गाववाले बहिष्कारात येत नव्हते त्यांच्यावरही बहिष्कार. ही गोष्ट मला सुप्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण ह्यात कळतं की हा डोकं फिरलेला जमाव नव्हता, बलुतेदारीची जी जुनी चौकट होती तीच त्यांनी हत्यार म्हणून वापरली. कोर्टाकडे हुकूमनामा होता, गावाकडे न्हावी होता.

ह्यातच दुसऱ्या दोन गोष्टी आहेत ज्या तू लिहिताना गाळू नको, जरी गावाकडचे वाचून नाराज झाले तरी. एक, बाबासाहेब हा देशमुख होता. गावातले सगळ्यात गरीब लोक पुढे नव्हते, ज्यांची जमीन होती आणि जी जाणार होती ते पुढे होते. ज्याच्याकडे गहाण टाकायलाच काही नव्हतं त्याचं खतच नव्हतं. दोन, हल्ले झाले ते मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर. ब्राह्मण सावकारही होते, व्याज तेही घेत होते, पण ते बरेचसे वाचले. परका आणि आपला हा भेद त्यात होता, तो झाकून ‘वर्गलढा’ म्हणून रंगवायचा मोह होतो, करू नको. सावकारांच्या वंशजांच्या घरातही त्या उन्हाळ्याच्या आठवणी आहेत, मी ऐकल्यात, आणि त्या ऐकताना आपण ज्याची बाजू घेतोय तो जमाव दाराबाहेर उभा असतो.

बरं, मग ‘ब्रिटिशविरोधी नव्हते’ हे कुठून आलं? सुप्याच्या राखेतून नक्की नाही. मुंबई सरकारला चौकशी नकोच होती, हिंदुस्थान सरकारने दट्ट्या लावला, १८५७ होऊन अठरा वर्षंच झाली होती ना. कमिशन नेमलं, त्याला मुद्दाम विचारलं होतं की सरकारी साऱ्यामुळे हे झालं का. कमिशनने ढीगभर पुरावा गोळा केला आणि निष्कर्ष काढला की सारा कारण नाही, सावकार कारण आहे. १८७८ ला तो अहवाल इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. आता मला सांग, ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच नेमलेल्या कमिशनचा निकाल आपण दीडशे वर्षं नोट्समध्ये उतरवतोय! अहवाल टाकाऊ आहे असं म्हणत नाहीये, उलट त्याची परिशिष्टं म्हणजे खाण आहे, वरचे दोन्ही कागद तिथलेच. पुरावा घे, निष्कर्ष तपासून घे.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नको. काही लोक आता सुप्याला सरळ स्वातंत्र्यलढ्याचा पहिला टप्पा वगैरे करून टाकतात. दंगा पसरला तेव्हा लोकांत बातमी अशी होती की वरून हुकूम आलाय, खतं काढून घेतली तरी सरकार काही म्हणणार नाही. म्हणजे त्यांच्या मनात सरकार हा शत्रू नव्हता, निदान दूरचं सरकार नव्हतं. त्यांना सरकार उलथायचं नव्हतं, खत नाहीसं करायचं होतं. पण खताला दात कुणी दिले? कोर्टाने, स्टॅम्पाने, मुदतीच्या कायद्याने, साऱ्याच्या हप्त्याने. त्यामुळे मी तरी परीक्षेत असं लिहीन की रोख सावकारावर होता आणि घाव बसला तो इंग्रजी राज्याने उभ्या केलेल्या कागदाच्या व्यवस्थेवर. पेपर तपासणारा मार्क देईल की नाही ह्याची गॅरंटी माझी नाही.

आता डोंगराकडे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, संबंध लागतो, आणि तो कल्पनेचा नाही, माणसं आणि सालं जुळतात. देवगावचे (अकोले तालुका) राघोजी भांगरे, महादेव कोळी. त्यांच्या उठावाचा जोर १८४४-४५ चा, पुढे पंढरपूरला पकडले गेले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या लोकांनी सावकारांना पकडून काय केलं? नाकं कापली. तीस वर्षांनी जांभोरीचा (आंबेगावकडचं) होन्या भागोजी केंगले, १८७३ पासून १८७६ ला पकडला जाईपर्यंत, पुणे, नगर, नाशिक, ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकारांवरच धाडी घालत होता, आणि नाकं कापायची पद्धत तीच. तारखा बघ! करड्याचा बहिष्कार आणि सुप्याचा दंगा हे होन्या मोकळा फिरत असतानाच झालेत, आणि जुन्नर-आंबेगावपासून शिरूर लांब किती? शेजारचा तालुका. तरी आपल्या पुस्तकात होन्या ‘आदिवासी उठाव’ या धड्यात आणि सुपे ‘शेतकरी उठाव’ या धड्यात, मधे चाळीस पानं.

फरक आहे तोही बघ. मैदानात कागद जाळला, डोंगरात नाक कापलं. माझा अंदाज विचारशील तर (अंदाजच आहे, असाच धर) मैदानातल्या कुणब्याचा अजून विश्वास होता की खत गेलं की देणं गेलं, म्हणजे कायद्याची भाषा त्याने अर्धी का होईना मान्य केली होती. डोंगरातल्या कोळ्याने कोर्ट हिशेबातच धरलं नाही. त्याने सावकाराच्या अब्रूला हात घातला. नाक कापलेला माणूस चार गावांत वसुलीला कसा फिरणार? शिवाय कोळी नाईकांच्या डोंगरी किल्ल्यांच्या राखणीच्या नेमणुका, हक्क इंग्रजी राज्यात गेले होते, तो राग वेगळा होता, तो सावकाराच्या रागात मिसळला. रामोश्यांचंही तेच. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी झाली, तिथे सुरुवातच वतन आणि हक्कांवरून. आणि रामोश्यांबद्दलचं पहिलं मोठं इंग्रजी लिखाण कुणाचं, तर ज्याने उमाजींना पकडलं त्या कॅप्टन मॅकिंटॉशचं! शिकाऱ्याने लिहिलेलं वाघाचं चरित्र. गॅझेटियरमध्ये तुला ‘दरोडेखोर’, ‘टोळी’, ‘उपद्रव’ हेच शब्द सापडतील, ते तसेच उचलून तुझ्या प्रबंधात आणू नको, पण त्याच पानावर गॅझेटियर लिहिणारा साहेब मधूनच लिहून जातो की सावकार डोंगरातल्या लोकांना फसवतात आणि गुन्ह्याकडे ढकलतात. ते वाक्य उचल.

वासुदेव बळवंत फडक्यांबद्दल तू विचारलं नाहीस पण एक ओळ टाकतो. १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदार घेऊन त्यांनी पहिला दरोडा घातला तो धामारीला. धामारी शिरूर तालुक्यात. शहरातला शिकलेला माणूस बंड करायला निघाला तर माणसं आणि वाट त्याला ह्याच मुलखात मिळाली.

वारल्यांचा उठाव मात्र मी जपून जोडीन. सत्तर वर्षांनंतरचा, किसान सभा पाठीशी असलेला, शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे जाऊन राहिलेले. तिथे कागदसुद्धा नव्हता बहुतेकांकडे. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याच्या घरी राबायचे, ते पैसे फिटायचेच नाहीत, याला लग्नगडी म्हणायचे. वर वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी. खत नाही, वही नाही, निशाणी नांगर नाही, माणूसच गहाण. मग तिथे जाळणार काय? २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारली जमले आणि ठरलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. पुढे गवत कापणीचा संप, मागणी ५०० पौंड गवताला अडीच रुपये. बघ हां, इथे गवताचं वजन आणि रुपयाचा आकडा आलाय, मिरजगावच्या रयतेची हिशेबाची तक्रार होती तिचीच ही पुढची पायरी, फक्त आता हिशेब वारली सांगत होता. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, जेठ्या गांगड त्यातले एक. डोंगरातला कोळी लपून धाड घालत होता, वारली उघड्या माळावर बसून राहिला. हा फरक आदिवासी आणि बिगरआदिवासी असा नाही, संघटनेचा आहे.

कायद्याचं उरलं. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा, पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या चार जिल्ह्यांना. खतावर आकडा काहीही असो, कोर्टाने मूळ व्यवहारापर्यंत मागे जाऊन बघायचं, शेतकऱ्याला पैशाच्या देण्यासाठी अटक करायची नाही, गावपातळीवर रजिस्ट्रारसमोर खत करायचं, पावती द्यायची. ओळखीचं वाटतंय ना? मिरजगावच्या अर्जातलं अर्धं त्यात आलंय. कामाला आला का, तर थोडा. सावकार हुशार होता, गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच मागायला लागला, तोंडी बोली की पैसे दिलेस की जमीन परत देईन. माझ्या हातून गेलेल्या कागदांत १८८० नंतरची खरेदीखतं एकदम वाढलेली दिसतात, त्यातली किती खरी खरेदी आणि किती झाकलेलं गहाण ते वाचून सांगता येत नाही, गावात विचारावं लागतं. आणि नवा सावकार म्हणून गावातलाच बडा बागायतदार उभा राहिला, तो तर आपलाच माणूस, त्याचं घर कोण फोडणार.

शोधायचं कुठे ते पटकन सांगतो. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात न्याय खात्याची १८७५ ची बाडं, पुण्याला पेशवे दफ्तर, तिथे गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, रुमाल मागवला की टेबलावर मणभर धूळ येते, मास्क घेऊन जा. वर्तमानपत्रांत ज्ञानप्रकाश आणि इंदुप्रकाश. केसरीत शोधत बसू नको, दरवर्षी एकतरी विद्यार्थी येतो आणि केसरीचे १८७५ चे अंक मागतो, केसरी १८८१ ला निघाला रे बाबा. सरकार देशी वर्तमानपत्रांचा साप्ताहिक इंग्रजी गोषवारा करून घ्यायचं, मूळ अंक नाही मिळाला तर निदान तो बघ.

आता पणजीची पेटी. तू पाठवलेला फोटो अंधुक आहे पण नांगर दिसतोय, म्हणजे कुणब्याने लिहून दिलेला कागद आहे एवढं नक्की. आता विचार कर, खत हे सावकाराच्या घरी असतं. ऋणकोला साधी पावती मिळत नव्हती तर खत कुठून मिळणार? म्हणजे तुमच्या पूर्वजाने लिहून दिलेलं खत तुमच्याच घरी असेल तर ते सावकाराच्या घरातून कसं तरी बाहेर आलेलं आहे. एक रस्ता सरळ आहे, कर्ज फिटलं आणि खत परत मिळालं. तसं असेल तर बहुतेक वेळा कागद वरून फाडलेला असतो किंवा पाठीवर भरण्याच्या नोंदी असतात, अमुक मितीस इतके भरले, बाकी काही नाही. दुसरा रस्ता तुमच्या घरात सांगतात तो. सगळीच खतं काही जळली नाहीत, काही ठिकाणी सावकाराने हातात दिली आणि ज्याची त्याने नेली.

म्हणून हुरळून जाऊ नको, आधी मिती बघ. ती शकात असेल, ७८ मिळव, चैत्राच्या आधीचे महिने असतील तर ७९. शके १७९७ च्या वैशाखानंतरचा कागद निघाला तर सुप्याच्या दंग्यातला असायचा प्रश्न थोडा अवघड होतो, पण १७९४ ते १७९७ च्या मधला निघाला तर तीन वर्षांच्या मुदतीत बसतो, म्हणजे दंग्याच्या वेळी ते खत जिवंत होतं. मग नाव बघ, धनको कोण, तुमच्या गावचा की शिरूरचा. आणि मग कागद सावकाश उलटा कर, घडीवर फाटेल, ओला हात लावू नको, सेलोटेप तर मुळीच लावू नको, आणि पाठीमागचा फोटो पाठव. खिडकीजवळच्या उजेडात काढ, फ्लॅश नको. पाठ कोरी असेल तर मला लगेच फोन कर.